कोरिएंडर ढेकणावरून आलं का? जुन्या ग्रीक बोली आणि झाडांची नावं

प्रश्न दोन होते, आधी तेच लिहिते. एक, कोरिएंडर (आपली कोथिंबीर) हा शब्द ग्रीक 'कोरिस' म्हणजे ढेकूण ह्याच्यावरून आला असं सगळीकडे छापलेलं असतं, ते खरं का. दोन, एकाच वनस्पतीला जुन्या ग्रीकमधे दोन-दोन तीन-तीन रूपं सापडतात, त्यातलं खरं नाव कुठलं.

पहिल्याचं माझं उत्तर 'नाही' असं आहे. दुसऱ्याचं उत्तर असं की खरं नाव कुठलं हा प्रश्नच जरा बाजूला ठेवा आणि आधी हे विचारा की हे रूप कुठल्या बोलीतलं आहे. मी मूळची बॉटनीची, बरीच वर्षं हर्बेरियममधे (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) लेबलं लिहिण्यात गेली, तिथूनच ह्या नावांचा नाद लागला आणि ग्रीक शिकले, आता पंधरा-सोळा वर्षं शिकवते. एवढ्या वर्षांत ही एकच गोष्ट पक्की कळली आहे की शब्द भाषेत कधी आला आणि कुणाकडून आला हे डिक्शनरीतल्या एका रूपावरून कळत नाही, दोन बोलींतली रूपं शेजारी ठेवली की कळायला लागतं.

आधी बोलींचं थोडक्यात सांगते. 'प्राचीन ग्रीक' अशी एकच भाषा नव्हती. अथेन्सची अ‍ॅटिक, आशिया मायनरच्या किनाऱ्यावरची आणि बऱ्याच बेटांवरची आयोनिक, स्पार्टा, क्रीट आणि सिसिलीतल्या बऱ्याच वसाहतींची डोरिक, लेस्बॉस बेटावरची इओलिक (थेसली आणि बिओशिया तिच्याच जवळचे), मग डोंगरातल्या आर्केडियाची आणि लांब सायप्रसची एक जुनाट बोली. अलेक्झांडरनंतर हळूहळू ह्या सगळ्यांच्या वर 'कोइने' नावाची सामाईक भाषा पसरली. आपल्याकडे पुण्यात कोथिंबीर म्हणतात आणि विदर्भात तिलाच सांबार म्हणतात, आणि नागपूरला कुणी सांबार वडी पुढे केली की पुण्याचा माणूस क्षणभर गोंधळतो. आता अशी कल्पना करा की प्रत्येक जिल्हा आपापल्या बोलीत शिलालेखही कोरतोय आणि कविताही लिहितोय, ग्रीसमधे तसं होतं.

आणि ह्या सगळ्याच्या मागे आणखी जुना एक थर आहे. मायसीनी, पिलोस, क्नोसोस इथल्या जुन्या राजवाड्यांत मातीच्या पाट्या सापडल्या, त्यांच्यावरची लिपी म्हणजे लिनिअर बी, ती मायकेल व्हेंट्रिसनं १९५२ मधे वाचली आणि कळलं की भाषा ग्रीकच आहे, फक्त होमरच्याही कित्येक शतकं आधीची. पाट्या कच्च्या मातीच्याच होत्या, तात्पुरत्या हिशेबाच्या, पण वाडे जळले आणि त्या आगीत भाजून निघाल्या म्हणून टिकल्या. मायसीनीला किल्ल्याच्या भिंतीबाहेर एक घर आहे, त्याला 'स्फिंक्सचं घर' म्हणतात, तिथल्या काही पाट्या म्हणजे सरळ सरळ मसाल्याची यादी आहे. कु-मि-नो म्हणजे जिरं. सा-सा-मा म्हणजे तीळ. मा-रा-तु-वो बडीशेप, मि-ता पुदिना, से-रि-नो सेलरी. आणि को-रि-या-दा-ना, ही आपली कोथिंबीर, म्हणजे धणे. मी पहिल्यांदा ही यादी वाचली तेव्हा हिशेबाची वही उघडल्यासारखंच वाटलं, माणसाचं नाव, पुढे मसाला, पुढे माप.

त्या यादीतलं एक नाव जवळून दाखवते, का-ना-को. अक्षरं सुट्टी आहेत कारण लिपीला जोडाक्षर लिहिता येत नाही, उच्चार 'क्नाकोस' असणार. ही आपली करडई. पाटीवर ती दोन प्रकारची आहे, का-ना-को ए-रु-ता-रा म्हणजे लाल, आणि का-ना-को रे-उ-का म्हणजे पांढरी. लाल मोजलीय वजनानं आणि पांढरी मापानं, आपल्या पायली-अधोलीसारख्या मापानं. ज्यानं सोलापूरकडे किंवा मराठवाड्यात करडईचं शेत बघितलंय त्याला हे लगेच उलगडेल, लाल म्हणजे सुकवलेल्या पाकळ्या, ज्यांच्यापासून रंग निघतो, त्या हलक्या त्यामुळे वजन करायचं, आणि पांढरं म्हणजे बी, ते मापानं भरायचं. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या कारकुनाला पाकळी आणि बी ह्यांना वेगळी नावं द्यायची गरज वाटली नाही, एक रंग लिहिला की काम झालं. आता ह्या शब्दाचं पुढे काय झालं बघा. अथेन्समधे आणि आयोनियात तो 'क्नेकोस' झाला, डोरिक बोलीत मात्र 'क्नाकोस'च राहिला. कारण अ‍ॅटिक आणि आयोनिक ह्या दोन बोलींनी जुन्या दीर्घ 'आ'चा 'ए' करून टाकला, बाकीच्यांनी नाही केला. म्हणजे स्पार्टाच्या माणसाचं रूप जुनं आणि अथेन्सच्या विद्वानाचं नवं. आपल्या पुस्तकांत मात्र अथेन्सचं रूप 'मूळ' म्हणून छापलेलं असतं.

तिळाचंही तेच. पाटीवर सा-सा-मा, डोरिकमधे 'सासामोन', अथेन्समधे 'सेसामोन', ज्यावरून पुढे इंग्रजी सेसमी आलं. आणि खुद्द स्पार्टाच्या बोलीत 'साआमोन', कारण ते लोक दोन स्वरांमधला 'स' गिळायचे. हा शब्द ग्रीकांचा नाहीच, तो पूर्वेकडून आला, फिनिशियन आणि अक्केडियन (जुन्या मेसोपोटेमियाची भाषा) ह्यांच्यात त्याचे भाऊबंद आहेत. जिऱ्याचं 'कुमिनोन' पण तिकडचंच, अक्केडियनमधे 'कमूनु', हिब्रूमधे 'कम्मोन'. पण हे शब्द पाटीवर आहेत म्हणजे आले तेही इसवी सनापूर्वी १२०० च्या आधीच, आणि तिळाच्या नावातला 'आ' पुढे अथेन्समधे 'ए' झाला म्हणजे तो त्या बदलाच्या वेळी भाषेत पुरता मुरलेला होता. पाट्या सापडल्याच नसत्या तरी नुसत्या बोलींवरून हे सांगता आलं असतं, म्हणून मी बोली बोली करत असते.

आता ढेकूण. कोथिंबिरीचा वास ढेकणासारखा, ढेकूण म्हणजे 'कोरिस', म्हणून 'कोरिआन्नोन', असं ते स्पष्टीकरण. ऐकायला पटतं, आणि ज्यांना कोथिंबीर आवडत नाही त्यांना तर फारच पटतं. पण ज्या 'कोरिआन्नोन' रूपावर हे उभं आहे ते नंतरचं, अथेन्सचं रूप आहे. पाटीवर नाव आहे 'कोरिआद्नोन' असं, आणि त्यात 'द्न' आहे. हा 'आद्न' ग्रीक शब्दाला मागून लागणारा नेहमीचा प्रत्यय नाही, पण तो एका नावात आपल्याला माहीत आहे, आरिआद्ने, क्रीटच्या राजाची मुलगी. चॅडविक, जो व्हेंट्रिसबरोबर पाट्यांवर काम करत होता, त्यानंही ह्या सारखेपणाकडे बोट दाखवलं होतं. म्हणजे शब्दाची चण ग्रीक नाही, ग्रीक लोक यायच्या आधी तिथे जे राहत होते त्यांच्या भाषेची आहे. नंतर 'द्न'चा 'न्न' झाला आणि शब्द ग्रीकसारखा दिसायला लागला, मग कुणाला तरी त्यात ढेकूण दिसला. माणसं अनोळखी शब्दात ओळखीचा शब्द शोधतातच, सगळ्या भाषांत शोधतात.

ह्या आधीच्या लोकांचं जरा सविस्तर लिहायला हवं कारण ग्रीक वनस्पतींच्या नावांतला फार मोठा भाग त्यांचा आहे. ग्रीक बोलणारे लोक उत्तरेकडून खाली आले, साधारण इसवी सनापूर्वी २००० च्या आसपास, थोडं मागेपुढे. भूमध्य समुद्राकाठची झाडं त्यांना नवीन होती. सायप्रस (बेट नव्हे, ह्या नावाचं झाड), नार्सिसस, हायसिंथ, टेरेबिंथ (पिस्त्याच्या कुळातलं राळेचं झाड), हे सगळं त्यांनी इथे पाहिलं आणि ज्यांना ते आधीपासून माहीत होतं त्यांचीच नावं उचलली. ओळखायचं कसं, तर शेवटावरून. 'हुआकिंथोस', 'तेरेबिंथोस', 'एरेबिंथोस' (हा हरभरा), 'ओलुंथोस' (रानटी अंजीर), ह्यांच्या शेवटी '-इंथोस, -उंथोस' आहे, आणि तोच शेवट गावांच्या नावांत आहे, कोरिंथोस, तिरिंथ. तसंच 'कुपारिस्सोस', 'नार्किस्सोस', आणि गावं-डोंगर म्हणजे क्नोसोस, पार्नासोस. १८९६ मधे क्रेत्श्मर नावाच्या अभ्यासकानं हे नीट मांडलं, आणि तपशिलावर कितीही वाद असले तरी गावांचे आणि झाडांचे शेवट सारखे आहेत ही गोष्ट कुणी नाकारत नाही. नवीन आलेला माणूस नदी, डोंगर, गाव आणि झाडं ह्यांची नावं जुन्या रहिवाशाला विचारूनच घेतो ना.

त्यामुळे नार्सिसस हा 'नार्के' म्हणजे बधिरपणा, ह्याच्यावरून आला, कारण त्याचा वास गुंगी आणतो, हे ग्रीकांनी स्वतः दिलेलं स्पष्टीकरण मी ढेकणाच्याच रांगेत ठेवते. शेवट '-इस्सोस' आहे, तिथेच संशय यायला हवा.

आणि इथे पुन्हा बोली. हा 'स्स' आहे ना, अथेन्सवाले त्याचा 'त्त' करायचे. समुद्र म्हणजे बऱ्याच ठिकाणी 'थालास्सा', अथेन्समधे 'थालात्ता'. तसंच सायप्रसचं झाड अथेन्समधे 'कुपारित्तोस', आणि आयव्हीचा वेल इतरत्र 'किस्सोस', अथेन्समधे 'कित्तोस'. परक्या भाषेतला एखादा आवाज होता जो ग्रीक तोंडात बसत नव्हता, एका गावानं तो एका तऱ्हेनं बसवला, दुसऱ्यानं दुसऱ्या.

ह्याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे लॉरेल, अपोलोचं झाड, ज्याच्या पानांचा मुकुट घालायचे. शाळेत शिकवतात 'दाफ्ने', आणि अप्सरेची गोष्ट सांगतात. पण थेसलीतल्या एका शिलालेखात अपोलोच्या मिरवणुकीत लॉरेल वाहून नेणाऱ्यांच्या प्रमुखाचा उल्लेख आहे, आणि तिथे शब्द 'दाफ्ने'वरून केलेला नाही, 'दाउख्ना'वरून केलेला आहे. मग एका जुन्या कोशात नोंद आहे की पेर्गे गावचे लोक, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचे, 'लाफ्ने' म्हणतात. आणि लॅटिनमधे 'लाउरुस'. दाफ्ने, दाउख्ना, लाफ्ने, लाउरुस. हे शब्द एकमेकांपासून ग्रीकच्या नेहमीच्या नियमांनी निघत नाहीत, द चा ल कुठल्याच ग्रीक नियमानं होत नाही. एकच जुना शब्द होता, त्यात असे आवाज होते जे ग्रीकमधे नव्हते, आणि वेगवेगळ्या गावांनी तो आपापल्या कानानं ऐकून लिहिला, असं मानलं तरच ही चार रूपं एकत्र बसतात. ह्यातलं 'खरं' कुठलं असं विचारलं तर मी म्हणेन चारही.

दुसरं असंच, पण ह्याला साहित्यातला पुरावा इतका छान आहे की मी वर्गात दरवर्षी हेच घेते. पुदिन्याच्या जातीतली एक रानटी वनस्पती आहे, इंग्रजीत पेनिरॉयल. अथेन्सजवळच्या एल्युसिसला देमेतेर देवीनं उपास सोडताना जे पेय मागितलं ते सातूचं पीठ, पाणी आणि ही पानं घालून केलेलं, तिच्या स्तोत्रात तसं आलंय, आणि तिथे शब्द आहे 'ग्लेखोन'. हे आयोनिक. अथेन्समधे मात्र 'ब्लेखोन', आणि बिओशियात 'ग्लाखोन'. अथेन्सचा नाटककार अरिस्तोफानेस, त्याच्या इसवी सनापूर्वी ४२५ च्या नाटकात बिओशियाचा एक व्यापारी माल घेऊन बाजारात येतो आणि आपल्या नोकराला सांगतो की ती 'ग्लाखोन' हळू खाली ठेव, त्याच्या तोंडी 'ग' आणि 'आ' दोन्ही. आणि ४११ च्या नाटकात अथेन्सचं पात्र बोलतं तेव्हा तीच वनस्पती 'ब' आणि 'ए' घेऊन येते. एकच लेखक, एकच पाला, बोलणारा बदलला की शब्द बदलला, आणि प्रेक्षकांना पहिल्या अक्षरालाच कळत असणार की हा माणूस बिओशियातल्या थेबेसकडचा.

इथे 'आ' आणि 'ए'चं कारण वर आलंच. पण 'ग' आणि 'ब' का? विद्यार्थी हुशार असला तर लगेच म्हणतो की जुन्या भाषेत 'ग्व' असा जोड आवाज होता, त्याचा कुठे ग झाला कुठे ब झाला, तो नियम ग्रीकमधे खरंच आहे. पण पाटीवर हा शब्द का-रा-को असा आहे (लिपीत ग आणि क एकच, र आणि ल एकच), आणि 'ग्व'साठी त्या लिपीत वेगळी चिन्हं होती, ती इथे वापरलेली नाहीत. म्हणजे तेव्हाही 'ग'च होता, 'ग्व' नव्हता, आणि 'ब' हा वेगळ्या वाटेनं आलेला. पुन्हा परका शब्द, पुन्हा दोन कान. सुट्ट्या मातीच्या तुकड्यावरच्या एका अक्षरानं एवढं छान दिसणारं स्पष्टीकरण बाद होतं, मला ह्या कामातलं हेच सगळ्यात आवडतं.

गुलाब. हा घ्यायलाच हवा कारण ह्याचा धागा थेट आपल्यापर्यंत येतो. पिलोसच्या पाट्यांवर सुगंधी तेलाची नोंद आहे, त्या तेलाला विशेषण आहे वो-दो-वे, म्हणजे गुलाबाचं. शब्दाच्या सुरुवातीला 'व' आहे. इलियडमधे अफ्रोदिती हेक्टरच्या मृतदेहाला गुलाबाचं तेल लावते, तिथे 'रोदोएन्ती' आहे, व गेलेला. अथेन्समधेही 'रोदोन'. पण लेस्बॉसमधे कवयित्री सॅफो लिहिते 'ब्रोदोन', तिच्या चंद्राची बोटं गुलाबी आहेत ती 'ब्रोदो'ची, होमरच्या पहाटेची 'रोदो'ची. हा 'ब' म्हणजे त्या जुन्या 'व'चीच खूण. आणि 'व्रोद' असं मूळ धरलं की इराणकडे वाट उघडते, जुन्या इराणी भाषांत गुलाबाला 'वर्द' अशासारखा शब्द, आर्मेनियनमधे आजही 'वार्द'. तोच शब्द इराणमधे झिजत झिजत फारसी 'गुल' झाला, गुल अधिक आब म्हणजे गुलाबपाणी, आणि आपल्याकडे पाण्याचं नाव फुलालाच चिकटलं. आपला गुलाब, गुलकंद आणि सॅफोचं ब्रोदोन ही एकाच घरची भावंडं आहेत, आणि हे सिद्ध करायला अथेन्सचं 'रोदोन' पुरत नाही, लेस्बॉसचा 'ब' आणि पिलोसचा 'वो' लागतो.

ह्याच लेस्बॉस बेटावर, एरेसोस गावात, थिओफ्रास्टस जन्मला, अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य, बॉटनीचा पहिला मोठा लेखक. घरी 'ब्रोदोन' ऐकून वाढलेला हा माणूस ग्रंथात सगळीकडे अथेन्सची भाषा लिहितो. रोमन लेखक सिसेरोनं त्याची एक गोष्ट सांगितली आहे, अथेन्सच्या बाजारात त्यानं एका म्हातारीला भाव विचारला, ती म्हणाली, परदेशी पाव्हण्या, ह्याहून कमी होणार नाही. आयुष्य अथेन्समधे काढून, इतकं सुंदर बोलूनही आपण परके ओळखू येतो ह्याचं त्याला वाईट वाटलं. मला ही गोष्ट वाचून नेहमी वाटतं की ह्या माणसाला बोलींचं भान असणारच, आणि ते त्याच्या ग्रंथात दिसतं, तो ठिकठिकाणी लिहितो की आर्केडियातले लोक ह्याला असं म्हणतात, मॅसिडोनियातले तसं. एका ओकच्या जातीला आर्केडियात 'फेल्लोद्रुस' आणि डोरिक लोकांत 'आरिआ' म्हणतात हे आपल्याला त्याच्यामुळे कळतं. लाकूडतोडे, मुळ्या गोळा करणारे, ह्यांच्याकडून आलेली माहिती त्यानं त्यांच्या नावांसकट नोंदवली.

पण अथेन्सची भाषा लिहिण्याचे धोकेही आहेत. त्याच्या पुस्तकात एक वाक्य आहे की द्राक्षाच्या वेलीला 'राफानोस'चा वास सहन होत नाही, जवळ लावला तर कोंब दुसरीकडे वळतो. मी सुरुवातीला हे भाषांतर केलं तेव्हा 'मुळा' लिहिलं, एक अख्खं पान मुळाच लिहीत गेले, कारण डिक्शनरीत राफानोस म्हणजे मुळा. ज्यांच्याकडे शिकत होते त्यांनी पेन्सिलनं बाजूला एवढंच लिहिलं, 'कुठल्या गावचा?' अथेन्समधे राफानोस म्हणजे कोबी, आणि मुळा म्हणजे 'राफानिस'. अथेन्सच्या बाहेर बऱ्याच ठिकाणी राफानोस म्हणजेच मुळा आणि कोबीला 'क्राम्बे'. स्पेलिंग वेगळं असलं तर निदान डोळ्यांना दिसतं, इथे शब्द तोच आणि भाजी वेगळी. कोबीनं दारू उतरते ही जुनी समजूत ह्याच वेलीच्या वैराला जोडलेली होती, तिथे मुळा घातला तर सगळा उपचारच चुकला.

औषधाचा विषय निघालाय तर बिटाची गोष्ट सांगते. बीट म्हणजे अथेन्समधे 'तेउत्लोन', बाहेर 'सेउत्लोन', तोच स आणि त. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला विनोदी नाटककार अलेक्सिस, त्याच्या नाटकातला एक तुकडा उरला आहे, त्यात पात्र म्हणतं ते साधारण असं: आपल्या गावच्या डॉक्टरनं सांगितलं की ह्याला सकाळी वाटीभर सातूची पेज द्या तर आपण नाक मुरडतो, पण तेच शब्द त्यानं परक्या बोलीत म्हटले की आपण थक्क होतो, आणि 'तेउत्लिओन' म्हटलं तर लक्ष देत नाही, 'सेउत्लोन' म्हटलं की आनंदानं ऐकतो, जणू काही सेउत्लोन आणि तेउत्लिओन वेगळं. डॉक्टरांची नावाजलेली घराणी कॉस बेटावर होती, ते डोरिक बोलणारं बेट, आणि वैद्यकाचे ग्रंथ आयोनिकमधे लिहिलेले, त्यामुळे अथेन्सच्या पेशंटला परगावचा उच्चार म्हणजेच ज्ञान वाटायचं. काही रूपं टिकली ती अशी, बोलणाऱ्याच्या वजनामुळे. कोइनेमधे शेवटी 'सेउत्लोन'च राहिलं.

फळांचं थोडक्यात. सफरचंद अथेन्समधे 'मेलोन', डोरिक आणि इओलिकमधे 'मालोन'. इटलीच्या दक्षिणेला ग्रीक वसाहती होत्या त्यातल्या बऱ्याच डोरिक, त्यामुळे लॅटिन 'मालुम' हे त्या 'मालोन'च्या शेजारी बसतं, अथेन्सच्या 'मेलोन'च्या नाही. क्विन्स ह्या फळाला 'किदोनियाचं सफरचंद' म्हणायचे, किदोनिया म्हणजे क्रीटमधलं आजचं खानिया, म्हणून फळ तिथून आलं असं लिहितात. पण स्पार्टाचा जुना कवी अल्कमान त्याला 'कोदुमालोन' म्हणतो. 'कोदु' हा अनोळखी भाग, त्याचं पुढे 'किदोनिया' केलं गेलं, ओळखीचं गाव सापडलं म्हणून, असं मला वाटतं. पुन्हा ढेकणाचाच प्रकार.

मग ग्रीकांचं स्वतःचं काहीच नाही का? आहे ना. ओकला 'द्रुस', हा आपल्या संस्कृत 'दारु'चा सख्खा, देवदार आणि दारुहळद ह्यातला दारु. पाइनला 'पितुस', आणि वैदिक 'पीतुदारु'. खसखशीला 'मेकोन', डोरिक 'माकोन', ह्याचे नातेवाईक जर्मन आणि स्लाव्ह भाषांत आहेत. आणि 'फेगोस', डोरिक 'फागोस', हा तर फार बोलका, कारण लॅटिनमधे 'फागुस' म्हणजे बीच, इंग्रजी बीचही त्याच मुळाचा, पण ग्रीकमधे फेगोस म्हणजे ओकची एक जात, दोदोनाला झ्यूसचा पवित्र ओक तो हाच. दक्षिण ग्रीसमधे बीच नाही, शब्द बरोबर आणला पण झाड मागे राहिलं, मग तो शब्द खाण्यासारखी फळं देणाऱ्या दुसऱ्या झाडाला दिला. यादी बघितली तर लक्षात येईल की ही बहुतेक उत्तरेलाही वाढणारी झाडं आहेत, म्हणजे सोबत आणलेले शब्द. आणि काही नावं ग्रीकांनी तिथेच बनवली, कॅमोमाइलला 'खामाइमेलोन' म्हणजे जमिनीवरचं सफरचंद, पुदिन्याला 'हेदुओस्मोन' म्हणजे गोड वासाचा. ते इतकं रुजलं की जुनं 'मिंथे' मागे पडलं आणि आजच्या ग्रीकमधे 'दिओस्मोस' म्हणतात.

बडीशेपेचं राहिलंच. पाटीवरचं मा-रा-तु-वो, पुढे व गळून 'माराथोन', आणि जिथे ती खूप उगवायची त्या मैदानाचं नाव मॅरेथॉन. जानेवारीत मुंबईत हजारो लोक पळतात ते बडीशेपेच्या शेताच्या नावानं.

शेवटचा थर आपल्याकडून गेलेला. 'पेपेरी' हा पिप्पलीवरून, म्हणजे आपली पिंपळी, लांबट मिरी, थिओफ्रास्टसला गोल आणि लांब दोन्ही माहीत होत्या. 'कोस्तोस' म्हणजे कुष्ठ, सुगंधी मूळ. ह्या नावांत डोरिक-आयोनिकचा तो जुना 'आ'-'ए' खेळ मिळत नाही, कारण तो बदल होऊन गेल्यावर ही आली. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांचं वर्णन लिहून ठेवलंय, त्यात कल्याण आहे, सोपारा आहे, घाटावरची पैठण आणि तेर आहेत, आणि मालाच्या याद्यांत 'मालाबाथ्रोन' आहे. हे तमालपत्र. 'तमालपत्र' ऐकल्यावर ग्रीक कानाला सुरुवातीचा 'त' हा स्वतःच्या भाषेतला 'ता' वाटला, 'ता' म्हणजे अनेकवचनी नपुंसकलिंगी शब्दाआधी येणारं आर्टिकल, मग तो सुटा केला, 'ता मालाबाथ्रा', आणि एकवचनात नुसतं मालाबाथ्रोन उरलं. कोरिआद्नोन ऐकणारा कान आणि हा कान ह्यात हजारापेक्षा जास्त वर्षांचं अंतर आहे, पण ऐकायची पद्धत तीच. आज किराणा दुकानात तमालपत्राच्या पाकिटावर इंग्रजीत 'बे लीफ' छापलेलं असतं, आणि बे म्हणजे लॉरेल, थेसलीतली दाउख्ना.